वारा लागू नये

रविवार, ६ सप्टेंबर २०१५. यिशुन, सिंगापूर

पोचले. विमान वेळेवर. डिंकाच्या लाडवांचा डबा कस्टमवाल्याने उघडला, हुंगला आणि मुकाट्याने परत दिला.

उज्ज्वल, माझा जावई, घ्यायला आला होता. टॅक्सीत विचारतो, आई, दमलात का? म्हटले, एकतीस वर्षे मुलींचे वसतिगृह सांभाळले, पाच तास खुर्चीत बसून दमायला काय झाले?

घर नवव्या मजल्यावर, भाड्याचे, जुने पण स्वच्छ. ऋचा दारात उभी. बाळंत होऊन आठ दिवस, आणि दारात! डोक्याला रुमाल नाही, पायात मोजे नाहीत, वर पंखा गरगर. आधी पंखा बंद केला, मग नातीला घेतले. मुठी घट्ट, आवाज खणखणीत. नाव अजून ठरलेले नाही, तोवर छकुली. ऋचा नवऱ्याला म्हणाली, सांगितले होते ना, आई नाही, वॉर्डनबाई येणार आहेत. म्हणू दे. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे ते इथे झाले, तर माहेर इथे आले. सव्वा महिना माझे राज्य.

सोमवार, ७ सप्टेंबर

स्वयंपाकघर लावून घेतले. त्याच्या टोकाला कपडे वाळवायची चिंचोळी जागा आहे, तिथल्या भिंतीवर गॅसचा गीझर आणि शेजारीच न्हाणीघर. नळ सोडला की गीझर भप्पकन पेटतो. त्याला एक काचेचा डोळा आहे, त्यातून निळी ज्योत दिसते. पाणी कढत आणि हवे तितके. बाळंतिणीला याहून काय हवे?

उज्ज्वलने दोन गोष्टी सांगितल्या. घरात निखाऱ्याची शेगडी नको. हे त्याने हात जोडून सांगितले, म्हणून ऐकले. दुसरे म्हणजे, गीझर चालू असताना शेजारची खिडकी उघडी ठेवायची. गीझर जुना आहे, घरमालक तपासायला माणूस पाठवतो म्हणतो आणि पाठवत नाही. हे मात्र ऐकले नाही. ओल्या बाळंतिणीच्या अंगावर नवव्या मजल्याचा वारा? पुढे हाडे दुखतील ती हिची, घरमालकाची नव्हे. खिडकी लावून घेतली.

गुरुवार, १० सप्टेंबर

घडी बसली. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. ऋचाला तेल, मग अर्धा तास कढत पाणी, मग पायांवर घेऊन छकुलीचे न्हाणे, मग कानांत कापूस आणि झोप. ऋचा कुरकुरते, सोसते.

बाहेर धूर आहे. समुद्रापलीकडे जंगले जळतात म्हणे, दरवर्षी. समोरची इमारत पुसट दिसते, दोरीवरच्या कपड्यांना जळकट वास येतो. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली. गीझरचा पाइप काचेतून बाहेर जातो, त्याच्या भोवती फट होती, तिथे जुनी ओढणी कोंबली. उज्ज्वल म्हणाला, आई, ती खिडकी... म्हटले, बाहेर बघ आणि मग बोल. त्याने बाहेर पाहिले.

सोमवार, १४ सप्टेंबर

उज्ज्वलचे डोके दोन दिवस दुखते आहे. काल जेवून उलटी झाली. ऑफिसला गेला की बरे वाटते म्हणतो. ऑफिसची गोडी, दुसरे काय! माझेही कपाळ जड आहे. सगळ्या गावाचेच दुखते आहे, धुराचे दिवस.

गीझरच्या वर भिंतीला काळा डाग पडला होता, बशीएवढा. घासून काढला. ज्योत आता पिवळी असते, समईसारखी. डोळ्यांना बरी वाटते.

ऋचाच्या गालांवर लाली आली आहे. सुरेखाला, माझ्या धाकट्या बहिणीला, फोनवर सांगितले: ये बघायला, न्हाण्याचा गुण.

गुरुवार, १७ सप्टेंबर

डाग परत आला. बशीएवढा होता, आता ताटाएवढा. घासला. ब्रश झिजला.

शेजारी रोहानी नावाच्या मलाय बाई राहतात. कपडे वाळवताना आमची बंद खिडकी त्यांना दिसली, म्हणून दारात आल्या. हसून म्हणाल्या, आंटी, इतके बंद करून घेतले तर मासासुद्धा मरेल लाह. (वाक्याला लाह जोडायची इथली रीत.) मी सांगितले, आमच्याकडे बाळंतीण आहे. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही चव्वेचाळीस दिवस असते, पण श्वास घ्यायची परवानगी असते. जीभ तिखट आहे.

रविवार, २० सप्टेंबर

उज्ज्वल हार्बरफ्रंटच्या धक्क्यावरून बोटीने बाटमला, इंडोनेशियातल्या बेटावर, गेला, आठवड्यासाठी. कंपनीचे जहाज तिथे दुरुस्तीला आहे. जाताना पुन्हा खिडकीचे बोलला. मी हो म्हटले.

छकुली हल्ली शहाण्यासारखी झोपते. दूध अर्धे टाकते. ऋचा तिला पाजता पाजता स्वतःच पेंगते. दोनदा हाक मारावी लागते.

मंगळवार, २२ सप्टेंबर

हे नीट लिहून ठेवते.

आज छकुलीला तपासायला पॉलिक्लिनिकमध्ये नेले. तोंडाला मास्क बांधून तिघी तीन तास बाहेर, त्या धुरात. डॉक्टरणीने कावीळ नाही, वजन थोडे कमी आहे, म्हणून सांगितले. तिथे बसल्या बसल्या माझी डोकेदुखी उतरली. ऋचाने पिशवीतले दोन डिंकाचे लाडू मागून खाल्ले आणि मला चिडवले. छकुली पोटभर प्यायली आणि असा टाहो फोडला की सगळे वळून बघू लागले. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला.

घरी आलो. सहाला न्हाणे झाले. आठपर्यंत तिघी पुन्हा तशाच. छकुली गप्प.

म्हणजे बाहेरचा धूर नव्हे. जे आहे ते घरात आहे.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाची मी मुलगी. भूतखेत आमच्याकडे गोष्टीतसुद्धा नव्हते. वसतिगृहात मुली मागच्या विहिरीला घाबरायच्या, तेव्हा त्यांना हाताला धरून विहिरीवर नेणारी मी. तरीही लिहिते. आज ऋचाच्या पाठीवर पाणी ओतताना माझ्यामागे कोणीतरी श्वास सोडला. लांब, गरम. वळले. गीझर, भिंत आणि तो डाग.

गुरुवार, २४ सप्टेंबर

डाग माणसाएवढा झाला. त्याला खांदे आहेत. घासते, हात काळे होतात, सकाळी तो तिथेच. ऋचाने त्याचा फोटो काढून उज्ज्वलला पाठवला. कशाला, विचारले, तर कोणाला पाठवला हेच तिला आठवेना.

रोहानीबाईंची ईद. रेंडांगचा, त्यांच्याकडच्या सुक्या मटणाचा, डबा घेऊन आल्या, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकीनात. डोळे चोळत म्हणाल्या, विंडो ओपन करा लाह आंटी, बाहेर वाईट आहे, पण आत जास्त वाईट आहे. बाळाकडे पाहिले आणि हसणे थांबले. मी दार लावले. जरा जोरात लागले.

नंतर वाटले, बोलवायला हवे होते. का, ते आठवेना.

शुक्रवार, २५ सप्टेंबर

धुरामुळे आज शाळा बंद. बाहेर काही दिसत नाही. समोरची इमारत गेली.

चहात मीठ पडले. दोघींनीही प्यायला, कोणाला कळले नाही.

ऋचा म्हणाली, आई, आज न्हाणे नको, पाय उचलत नाहीत. म्हटले, नियम म्हणजे नियम. धरून नेली. पाटावरच कलंडली — कपाळ भिंतीला. रक्त थोडेच. अंग गुलाबी, ओठ गुलाबी, इतकी छान दिसते आणि उभी राहत नाही —

छकुली सकाळपासून रडलेली नाही. एकदाही नाही. चिमटा काढला. मी. आठवड्याभरापूर्वी कोणी असे केले असते तर मी हात मोडला असता. तिने फक्त तोंड उघडले.

हिला इथून न्यायला हवे. दोघींना. उद्या. उद्या सकाळी न्हाणे झाले की —

शनिवार, २६ सप्टेंबर, सकाळ

उज्ज्वलचा फोन. ओरडत होता. जावई माझ्यावर ओरडला. ओरडू दे.

त्याच्याबरोबर प्रबोध म्हणून इंजिनियर आहे, त्याने डागाचा फोटो आज पाहिला. तो डाग नव्हे, काजळी. गीझर बिघडला आहे. ज्योत पिवळी, भिंत काळी, सगळ्यांची डोकी दुखतात, बाहेर गेले की थांबतात — आणखी काय कळायला हवे, असे प्रबोध म्हणतो. गॅसला जळायला हवा मिळत नाही, त्याचे विष होते. वास नाही, रंग नाही. मी खिडकी बंद केली. मी ओढणी कोंबली —

लिहून घ्या, उज्ज्वल म्हणाला, तुम्ही विसरता आहात. रोहानीबाईंचा नंबर शोधतो म्हणाला.

लिहिले. आधी गीझर बंद. मग खिडकी. मग ऋचा आणि छकुली दाराबाहेर, धुरात का होईना, बाहेर.

ऋचा न्हाणीघरात आहे. मीच सातला बसवले. नळ चालू आहे. छकुली माझ्या पायांवर. गुलाबी.

उठते.

पाणी अजून वाहते आहे. ऋचाला हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. आवाज निघाला का — 

चिकटपट्टी काढली. खिडकी उघडली.

वारा लागत नाही. बोटांना चिकट काही नाही. मी खुर्चीतच आहे. लिहिले म्हणजे केले असे वाटले —

दार वाजते आहे. कोणी बाई. आंटी, आंटी. कडी आतून. ती कडी मी घातली.

पुन्हा. एकेक. छकुलीला खाली ठेवते. हात सुटत नाही. ठेव. आधी गीझर, मग खिड