कावळ्याला दिलेला शब्द

६ मे, बुधवार
ह्यांचा दहावा उरकला. कावळा पिंडाला शिवेना. तासभर उन्हात उभे. ज्याला जे सुचेल ते कबूल करत होता. गावचं घर विकणार नाही, आईला अंतर देणार नाही. शेवटी ह्यांचे धाकटे भाऊ, वसंतभावजी, मोठ्याने म्हणाले, "दादा, तुझी नात इंडियासाठीच खेळतली. माझो शब्द." आणि मेला कावळा आला! सगळे रडले. माझं डोकं तापलं. माणसं मागे सरली म्हणून आला तो.

नात ऋतू पाच वर्षं कॅनडात. पासपोर्ट तिकडचा झाला. त्यांच्या बॅडमिंटन टीममध्ये घेतलंय, मंगळवारी बँकॉकला पहिली मॅच. समोर इंडियाच. भावजींना सगळं ठाऊक. तरी शब्द देऊन मोकळे.

७ मे, गुरु.
माझ्या दिनेशने सकाळीच पोरीला, ऋतूला, फोन लावला. "टीममधून नाव काढून घे." बाप आहे की कोण? कॅनडाला नेली ह्यानेच, कागदांवर सह्या ह्याच्याच.
म्हटलं, "शब्द तू दिलास?"
"काकांनी दिला. पण बाबांना दिला ना, आई."
"मग काकांना पाठव खेळायला."
जेवला नाही. नको जेवू.

आठ वर्षांची असल्यापासून मी तिला जोगेश्वरीहून मरोळच्या हॉलवर नेत होते. पहाटे पाचला. रिक्षावाले नाही म्हणायचे, मी आत बसूनच भांडायचे. पंधराव्या वर्षी निवडीच्या यादीतून नाव उडवलं. निवडणारे म्हणाले, "उंची कमी पडते, आजी." जिला घेतली ती हिच्या कानाला लागत होती. तेव्हा एक नातेवाईक बोलायला आला नाही. आता सगळ्यांना इंडिया आठवली.

९ मे, शनि.
तेरावं. गोडाचं जेवण. भावजी पंगतीत प्रत्येकाला कावळ्याची गोष्ट वाढत होते.
मला म्हणाले, "वैनी, दादा कोपतलो हां."
"कोपू देत. पन्नास वर्षं तेच केलं त्यांनी. मला सवय आहे."
जावा तोंडात पदर घालून हसल्या. भावजींनी पान अर्धं टाकलं.

१० मे, रवि.
दुपारी ऋतूचा फोन. आवाज बसलेला.
"आजी, पप्पा ऐकतच नाहीयेत. खरं सांग ना, आजोबांची तशी इच्छा होती?"
नाही म्हटलं असतं तर काय जात होतं माझं? पण खोटं तोंडात येईना. ह्यांची होती इच्छा. टीव्हीवर मॅच लागली की दर वेळी. आपली पोर ती जर्सी घालून… चहा गार व्हायचा.
म्हटलं, "होती. पण तुला विचारून नव्हती ठेवली. तू खेळ."
तिने फोन ठेवला.
गाढव मी. होती म्हणायची काय गरज होती?

११ मे, सोम.
तीनदा फोन लावला. उचलत नाही. दिनेशचाही नाही. "तू काय सांगितलंस तिला?" म्हणे. जे खरं ते. वर मलाच डोळे दाखवतो.

१२ मे, मंगळ.
दुपारचे तीन. दिनेशने टीव्हीला मोबाईल जोडलाय. भावजीही आलेत, न बोलावता. चहा दिला नाही.
यादीत ऋतूचं नाव आहे. पण दिनेश म्हणतो, ऐन वेळी बदलता येतं.
इंडियाची पोर कोर्टावर आली, हात मोकळे करतेय. चांगली उंच आहे. अलीकडची बाजू रिकामी. कॅनडाचा कोच सारखा दाराकडे बघतोय.
भावजींनी डोळे मिटून हात जोडलेत. विचारलं, "ती यावी म्हणून, की न यावी म्हणून?"
एक डोळा उघडून टीव्हीकडे बघितलं, परत मिटला.