मामाची मांडी

काल्हेर, मे २००७

प्रिय मृणाली,

तुझ्या लेकीचे कान टोचायला मामाची मांडी हवी होती, आणि मी ट्रक आलाय सांगून गोडाऊनला पळालो. मानपान चुकला म्हणून मी रुसलो, असं तुझ्या सासरी ठरलं. आई म्हणाली, "तू मामा हाय का पावना?"

मानेत नस दबलीय गं. बोटं बधिर पडतात. सोनाराने टोचताच पोर उसळली असती आणि माझ्या हातून सुटली असती. गोणी उचलणाऱ्याने हे चारचौघांत कसं सांगायचं?

ड्युटीच्या नावाखाली दवाखान्यात व्यायामाला जातो. तिथल्या बाई बॉल दाबायला देतात. तोही निसटतो.

पुढच्या महिन्यात जावळ आहे, तेव्हाही मांडी मामाचीच लागणार. तोवर पकड आली नाही, तर हे पत्र माझ्या खिशातच राहील. मी रुसलेलाच बरा.

तुझा दादा,
धनेश