आज दूध ठेवलं न्हाई

स्वप्नाली,

आज दूध ठेवलं न्हाई. थायरॉइडची गोळी आन् पाण्याचा तांब्या उशाशी हाय. उठल्याबरोबर नुसत्या पाण्यासंगं गोळी घे, मग तासभर च्याबी पिऊ नको.

काल आशाताईनं रिपोर्ट बघून इचारलं, गोळी कशासंगं घेतीस, तर तू खाली मान घालून बसलीस. सासू रोज सकाळी बिरदेवाचा भंडारा टाकून दूध देती, त्यासंगंच गिळते, असं सांगायचंस की! दुधानं ही गोळी अंगाला लागत न्हाई, हे मला कुठलं ठावं?

रविराज धा वाजता तुला लोणंदला डॉक्टरीणबाईकडं नेईल. फाईल पिशवीत घातलीया. नवऱ्याला गाडी हळू चालव म्हणावं. मी मेंढरं घेऊन माळाला चाललीया. खरं सांगू? त्या बाईंच्या म्होरं बसायचा मला धीर न्हाई.

भंडारा देव्हाऱ्यात हाय. जाताना कपाळाला लाव, पोटात नको.

एक इचारायचं ऱ्हायलं. गेल्या साली तिसऱ्या महिन्यात तुझ्या पोटातलं गेलं, तवाबी मी रोज दूध देत हुते. तवा ही गोळी चालू हुती का गं?

आत्या