मुंजाबांची घोंगडी आणि तीन शब्दांचं कार्ड

मी, सत्यशीला मुंजाबा शिंगाडे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार सिडको, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवते ते असं की, माझी बुद्धी शाबूत आहे, आठवण शाबूत आहे, आणि माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. तशी छाती असलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. हे सगळं मी रागात लिहीत आहे, हेही इथं नमूद करते. वकील अमृताबाई म्हणाल्या, "मॅडम, रागाचं कलम नसतं." मी म्हटलं, "मग घाला एक."

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात सगळं काही माझा भाचा अजिनाथ, म्हणजे माझ्या मयत भावाचा मुलगा, याला दिलं होतं. ते आजपासून रद्द समजावं. कारण खाली येईल.

कलम १. सिडकोतल्या माझ्या दोन खोल्या अजिनाथलाच मिळाव्यात. त्याला मीच वाढवलंय आणि विटा-सिमेंटावरून माझं भांडण नाही. नळाचा वॉशर बदलून घ्यावा, मी सांगून सांगून थकले.

कलम २. बँकेत जे काही उरेल ते अजिनाथची मुलगी प्रांजली हिच्या शिक्षणाला लावावं. शिक्षणाला म्हणजे बापाच्या क्लासला नव्हे.

कलम ३. आता पेटी. पलंगाखाली पत्र्याची हिरवी पेटी आहे. कडी लागत नाही, सुतळीनं बांधावी लागते. तिच्यात माणसांनी वापरून टाकलेल्या वस्तू आहेत: एका काडीचा चष्मा, अत्तराची रिकामी कुपी, बकरीच्या गळ्यातली घंटी, दांडा मोडलेली पळी, कंडक्टरची शिटी, आणि माझे वडील मुंजाबा यांची काळी घोंगडी. भंगारवाला हिला हात लावणार नाही. पण माझी सगळी नोकरी या पेटीवर झाली.

पिशोरजवळच्या वस्तीवर माझी शाळा होती. दर शनिवारी मी पेटी वर्गाच्या मधोमध उघडायची. एका पोरानं डोळे मिटून आत हात घालायचा, हाताला येईल ते बाहेर काढायचं, आणि ती वस्तू ज्याची असेल तो माणूस रचायचा. तो चालतो कसा, जेवतो कसा, दारात पाहुणा आला की त्याचं तोंड कसं होतं. 'चांगला' आणि 'वाईट' या दोन शब्दांना वर्गात बंदी. कोणी म्हणालं, "बाई, ह्यो लई चांगला माणूस हाय," की सगळा वर्ग एका सुरात विचारायचा, "कशावरून?"

शब्द मी आधी देत नव्हते. आधी माणूस, मग शब्द. पोर अडलं, हातवारे करायला लागलं, की त्याला सांगायचं, जा, असं वागणाऱ्याला तुमच्या घरात काय म्हणतात ते विचारून ये. तहान लागल्यावर प्यायलेलं पाणी अंगाला लागतं, तसं होतं ते.

तिसरीतल्या खुशनुमाच्या हाताला एकदा घोंगडी आली. तिनं ती नाकाशी धरली आणि म्हणाली, "हा माणूस रागावला की बोलत नाय. भाकरी जोरानं मोडतो." तिनं माझ्या वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. माझे वडील रागावले की अगदी अशीच भाकरी मोडायचे. मी खडू खाली ठेवला.

सोमवारी पोरं शब्द घेऊन आली. खुशनुमाची आई जाहेदा हिनं 'मिजासखोर' पाठवला होता. मेंढरंवाल्यांच्या पोरांनी 'घुम्या', 'कुढ्या', 'आतल्या गाठीचा' आणले. मग जुंपली. घुम्या नुसता गप्प राहतो, हा तर भाकरीचा आवाज करतो. कुढ्या स्वतःलाच जाळतो, हा दुसऱ्याला ऐकवतो. तास संपला तरी भांडण मिटेना, शेवटी 'धुमसणारा' यावर तह झाला. त्या भांडणात शिकलेले शब्द ती पोरं मरेपर्यंत विसरणार नाहीत. त्या वर्गात, शेवटच्या रांगेत, अजिनाथही बसला होता.

कलम ४. अजिनाथचा औरंगपुऱ्यात क्लास आहे. मुलांचं शब्दसामर्थ्य वाढवून देतो, असं बाहेर पाटीवर लिहिलंय. मागच्या दिवाळीआधी तो आला आणि म्हणाला, "आत्या, पेटी आठ दिवस देतीस का? पोरांना दाखवतो." मला आनंद झाला. कसला आनंद, मूर्खपणाच तो.

दिवाळीनंतर मी बघायला गेले. काचेच्या कपाटात मखमलीवर वस्तू मांडलेल्या, आणि प्रत्येकीपुढं प्लास्टिक चढवलेलं एक कार्ड. चष्मा: विद्वान, शांत, वयस्कर. पळी: कष्टाळू, सोशिक, गृहकृत्यदक्ष. घोंगडी: गरीब, अडाणी, भोळा. पोरं रांगेनं उभी राहून ती कार्डं पाठ करत होती. आणि घोंगडी पावडर टाकून धुतलेली, तिला साबणाचा वास.

मी विचारलं, "अजिनाथ, ही कोणाची रे?"

"आजोबांची."

"ते भोळे होते?"

तो इकडं तिकडं बघायला लागला. म्हणाला, "आत्या, असं काय करतीस? परीक्षेत पात्राचं वर्णन आलं की तीन विशेषणं लागतेत. पोरं गोंधळतेत. अन् घोंगडीला वास येत होता, पालक नावं ठेवायलेत."

मुंजाबा भोळे! कन्नडच्या मेंढरांच्या बाजारात दलाल त्यांना पाहून वाट बदलायचे. त्याच घोंगडीत गुंडाळून तुला तापात रात्र रात्र निजवलं रे, आणि तू तिच्यापुढं 'अडाणी' लिहून ठेवलंस? परक्यानं लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. आपल्याच आज्याला तीन शब्दांत गुंडाळणारा नातू मला माफ करता येत नाही, आणि मेल्यावरही येणार नाही.

तेवढ्यात प्रांजली येऊन मला बिलगली. चौथीत आहे. लाडानं म्हणाली, "आजी, तू प्रेमळ, मायाळू आणि कष्टाळू आहेस."

मी विचारलं, "कशावरून गं?"

ती बावरली. "पप्पांनी 'माझी आजी'चं पण कार्ड केलंय, त्यावर तेच आहे ना."

मला तिथंच रडू आलं. या पोरीच्या वेण्या मी इतक्या ओढून घालते की तिचे डोळे तिरपे होतात. ती मला चिमटे काढते, माझ्या चालण्याची नक्कल करते, मी घोरते ते शेजारणीला करून दाखवते. तिच्यापाशी माझ्यासाठी सूपभर शब्द असायला हवेत, आणि तिच्या हातात बापानं तीन ठेवले. माझा खरा संताप हा आहे.

मी एकेक वस्तू पेटीत भरली आणि शेजारच्या शफीकच्या ऑटोत टाकून परत आणली. वाटेत तो म्हणाला, "मॅडम, झगडा हुआ क्या?" मी म्हटलं, "व्हय. गप चल."

कलम ५. सदर पेटी खुशनुमा हिला मिळावी. ती आता फर्दापूरच्या पलीकडं एका वस्तीवर शिकवते. अटी अशा: वस्तूंना कार्ड, चिठ्ठी, नंबर काही लावू नये. काही मोडलं, हरवलं, उंदरानं खाल्लं, तर गावातून दुसरं काही मागून घ्यावं. घरून आलेला शब्द अशुद्ध म्हणून परत पाठवू नये. घोंगडी महिनाभर कोणाच्या तरी मेंढरांच्या वाड्यात टाकावी, म्हणजे वास परत येईल.

कलम ६. माझी लाल पेनं आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांना, हयात असल्यास, द्यावीत. पोरांनी आणलेला 'घुम्या' खोडून त्यांनी 'शांत' लिहिलं होतं. तेव्हाची पुरली नसतील तर ही अजून घ्या.

कलम ७. घोंगडीपुढचं ते कार्ड मी फाडलेलं नाही. ते अजिनाथला द्यावं. त्याची मागची बाजू कोरी आहे. आजोबा कसे होते ते त्याला आठवेल तेव्हा त्यानं तिथं लिहावं. जागा कमी पडली तर मला समाधान वाटेल.

कलम ८. पेटी पोचवायला प्रांजलीनं सोबत जावं. माझ्या रोजच्या चपला, डाव्या पायाची टाच आतून झिजलेली आहे त्या, न पुसता पेटीत सगळ्यात वर ठेवाव्यात. त्या शनिवारी हात घालायचा पहिला मान तिचा. चपला कोणाच्या हे तिला कळेल, बाकी वर्गाला सांगू नये. तिनं खाष्ट म्हटलं, तोंडाळ म्हटलं, वेण्या ओढणारी म्हटलं, तर खुशनुमानं मध्ये पडू नये. मात्र ती 'प्रेमळ' म्हणाली, तर सगळ्या वर्गानं विचारावं, "कशावरून?" आणि ती सांगेपर्यंत कोणी घंटा देऊ नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील अमृताबाईंनी करावी. मजकूर मी स्वतः वाचला, आणि एकही शब्द खोडू दिला नाही.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: २१ जून २०२५, शनिवार

सही: सत्यशीला मुंजाबा शिंगाडे

साक्षीदार १. शफीक, ऑटोचालक, शेजारी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. रागात होत्या, पण पूर्ण शुद्धीत होत्या.

साक्षीदार २. केसरबाई, शेजारीण. मला वाचून दाखवलं, समजलं. वेण्यांचं खरं आहे, पोरगी ओरडती ते माझ्या घरापर्यंत ऐकू येतं. अन् रोज संध्याकाळी पुन्हा बाईंकडंच येती.