पुढचा खांदा

आबा, आज शाळेत मी पुन्हा तुमच्याबद्दल बोलले. व्यायामाची शिक्षिका म्हणून दर जूनमध्ये मला नव्या मुलांपुढे उभं करतात आणि मी तुम्हाला उभं करते. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी महाडच्या पोरांना तुमच्या पोटऱ्यांचं वर्णन तोंडपाठ आहे. "माझे वडील कधी जिमला गेले नाहीत," अशी सुरुवात करते. मग उतारावरची नाचणी, पाल्याचे भारे, खालच्या विहिरीवरून खांद्यावर आणलेलं पाणी. मुलं मन लावून ऐकतात.

डोलीचं सगळ्यात शेवटी सांगते. आपल्या वाडीला तेव्हा रस्ता नव्हता. कोणी आजारी पडलं, एखादी बाई अडली, की बांबूला घोंगडी बांधायची, माणसाला तीत निजवायचं आणि चौघांनी आळीपाळीने खांदा देत खाली फाट्यापर्यंत उतरायचं. उतरताना सगळा भार पुढच्या खांद्यावर येतो आणि तो खांदा कायम तुमचा असायचा. तिथे एक घट्ट गाठ झाली होती. लहानपणी मी ती दाबून बघायची.

ट्रेनिंग संपवून घरी आले तो दिवस आठवतो. गळ्यात शिट्टी अडकवून मी अंगणात जोर काढतेय आणि तुम्ही कमरेला कोयता लावून हसत उभे. "एवढी रग हाय अंगात, तर चल की माझ्यासंगं पाला तोडायला." राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, तोडलेल्या फांद्यांचा एकच भारा डोक्यावरून आणताना मी दोनदा बसले आणि घरी येऊन ओकले. तुम्ही आईला म्हणालात, "तुझी मास्तरीण लय नाजूक हाय गो." मला राग आला होता. पण तेव्हापासून मनात पक्कं बसलं, की आबांना कधी काही होत नसतं.

मग ती सकाळ. शिमग्याला आठ दिवस आहेत. तरणी माणसं सगळी मुंबईला, वाडीत मागे म्हातारी आणि बायका. घरात रेंज नाही म्हणून तुम्ही देवळामागचं टेकाड चढून मला फोन करता. "बाय, छातीत धरल्यासारखं झालंय. घाम लय सुटलाय. खालच्या वाडीतनं चौघांना बोलवून डोली करू काय?" उभ्या जन्मात तुम्ही माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी शाळेत सामने होते, मैदानावर फक्कीच्या रेषा मारायच्या राहिल्या होत्या, आणि चौघं जमेपर्यंत दुपार झाली असती. मी हसले, आबा. म्हटलं, "तुम्हाला कशाला डोली? तुम्ही तर पोरांना मागे टाकाल. सावकाश उतरा, मी रिक्षा घेऊन फाट्यावर येते." तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय तुझं."

मी पोचले तेव्हा तुम्ही फाट्यावरच्या दगडावर बसला होतात. चपला काढून बाजूला नीट ठेवल्या होत्या. मला बघून उठायला गेलात, पण उठता आलं नाही. पोलादपूरचा दवाखाना यायच्या आतच रिक्षात, माझ्या अंगावर रेलून, तुम्ही गेलात. डॉक्टर एवढंच म्हणाले, "यांना चालवायला नको होतं." संध्याकाळी तुम्हाला वर न्यायला मुंबईहून आठ पोरं आली. त्यांना वाटेत तीनदा टेकावं लागलं.

मुलांना मी सांगते, "शेवटच्या दिवशीही माझे वडील आपल्या पायांनी डोंगर उतरले." टाळ्या पडतात. आज पहिल्यांदाच मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, एवढे फिट होते, मग गेले कशाने?"

"वय झालं होतं," मी म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

आता आपल्या वाडीपर्यंत डांबरी रस्ता गेलाय. गाडी दाराशी लागते, फक्त दारं बंद असतात. हे पत्र मी कपाटात, शिट्ट्यांच्या खणात ठेवून देणार आहे. उद्या त्या मुलीला बोलावून खरं काय ते सांगेन, असं लिहायला बसले होते. नाही सांगणार, आबा. पुढच्या जूनमध्येही मी तुम्हाला चालतच उतरवणार.