आईसाठी हवेत ठेवलेलं विमान

मु. पो. लासुर्णे, ता. इंदापूर
रविवार, ११ फेब्रुवारी १९९६

चि. मानसिंग यास थोरल्या भावाचा आशीर्वाद. इकडं समदी खुशाल हायत असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं, खरं धरू नको. आई अंथरुणाला खिळलीय, डाक्टरनं हात टेकलं, आन् माझं डोकं ठिकाणावर न्हाय. तुझी तब्येत कशी हाय? (बरी असणारच, तितं कंपनीचं जेवण हाय.) पत्र हिंदुरावांच्या झुंबरकडं देतोय, मंगळवारी तो तिकडं यायला निघतोय.

गेल्या मंगळवारी भवानीनगरच्या बूथवरनं तितं ओमानात, तुझ्या सलालाच्या कंपनीत फोन लावला. तितला कारकून म्हणाला, आजच्या विमानानं धाडतो. मी येडा, घरी येऊन आईला सांगून मोकळा झालो, मानसिंग इमानात बसला म्हणून. आईनं डोळं उघडलं, चार चमचं पेज प्याली. बुधवारी परत फोन लावला तर तोच बाबा म्हणतो, साहेब दौऱ्यावर, पासपोर्ट साहेबाच्या कपाटात, किल्ली साहेबाच्या खिशात. आता पेज पिणाऱ्या आईला हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून तुझं विमान वरच ठेवलं.

तसं बघितलं तर सलाला काय आन् मुंबई काय, दोन्ही दर्याच्या काठाची, मधी निस्तं पाणी. शाळेच्या नकाशावर पट्टी लावली, दोन हजार किलोमीटर भरलं. झुंबर म्हणतो, तीन तास. पण त्याचं वडील पडलं एस.टी.चं रिटायर ड्रायव्हर (तीस वर्षं गाडी हाकली, एकदाबी येळेवर पोचलं न्हाईत). त्यांनी आईच्या उशाशी बसून मांडणी केली: इंदापूर-बारामती पन्नास किलोमीटरला दीड तास, म्हंजी दोन हजाराला साठ तास, वर चहाचं थांबं वेगळं. आईला पटलं. तिनं जलमात येष्टीशिवाय काय बघितलंय? माझं अडीच दिवस निभावलं.

ते शुक्रवारी सपलं. मग मी मस्कतला चाक पंक्चर केलं. शनिवारी मुंबईवर धुकं पाडलं. आज हिंदुराव म्हणालं, डिझेल सपलं असंल, तर आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की म्हातारं चप्पल घालायचं इसरून घरी गेलं.

दिवसातनं चार येळा इचारती, कुठवर आला? मी सांगतो. लाज वाटती रं. आन् राग येतो, तुझा. तीन तासाचा रस्ता, पण तुला दोन वर्षं पुरली न्हाईत. साहेबाच्या पाया पड, न्हाय तर ते कपाट फोड, पण ये.

तुझा,
दादासो

ता. क. कपाट फोडायचं रागात लिहिलंय. फोडू नको, नोकरी जाईल. पण ये.

ता. क. दुसरं. सोमवार. आई सकाळी गेली. आठच्या सुमाराला मला जवळ बोलावून म्हणाली, "दादा, उतरव आता त्याला. दमलं असंल लेकरू." मी म्हणालो, उतरला. तर म्हणती, "मला बुधवारीच कळलं हुतं. तुझं तोंड बघवत नव्हतं, म्हून इचारत ऱ्हायले." मानसिंग, लई रडलो रं. मग तिनं पाणी मागितलं, मी पाजलं. घोट घेतला आन् भरल्या घरात मोठ्यांदा म्हणाली, "मानसिंगनं पाजलं." समद्यांनी ऐकलं, कुणी खोडलं न्हाय. मी बी न्हाय खोडलं. तेराव्याला आलास की तू बी खोडू नको.