टीप नावाआधी की नावानंतर

सर, आपलं भांडण काल मी जिंकले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

वारणानगरच्या लॅबमध्ये मी प्रोग्राम दाखवायला आणला, की तुम्ही आधी एकच बघायचात: प्रोग्राममधलं प्रत्येक नाव म्हणजे एक डबा, त्यात काय ठेवलंय, आकडा की मजकूर, याची टीप नावाच्या आधी लिहिली आहे का. "डबा उघडायच्या आधी कळाय नको व्हय, आत काय हाय ते?" तुमचा आवाज पार व्हरांड्यापर्यंत जायचा. मी म्हणायचे, टीप नावानंतर येऊ दे, म्हणजे नको तिथं गाळता येईल. मग तुम्ही खुर्ची ओढून समोर बसायचात आणि नेहमीची अट घालायचात, "आधी माझी बाजू माझ्यापरास चांगली मांड की. मग तुझं ऐकतो." ते मला कधीच जमायचं नाही आणि भांडण तिथंच राहायचं. अशी चिडायचे मी!

आता प्रोग्राम लिहायच्या ज्या भाषेच्या समितीवर मी आहे, त्या भाषेत अशा टिपा आजवर नव्हत्याच. त्या आणायचं ठरलं आणि जगभरची शहाणी माणसं हमरीतुमरीवर आली. नावाआधी टीप हवी असणाऱ्यांना ती सक्तीची हवी होती. म्हणजे लोकांचे चांगले चालणारे जुने प्रोग्राम एका रात्रीत बंद. ते मी होऊ देणार नव्हते. काल संध्याकाळी राजारामपुरीतल्या घरात लॅपटॉपसमोर बसून मी आधी त्यांचीच बाजू मांडली, तुमच्या डब्यासकट, इतकी मन लावून की त्यांचा म्होरक्या म्हणाला, आता आम्हाला बोलायला काही उरलंच नाही. मग माझी मांडली: टीप नावानंतर, ऐच्छिक, जुन्या ओळीला धक्का नाही. मतदान झालं. सर, तो म्होरक्यासुद्धा माझ्या बाजूनं! मी अशी ओरडले की शेजारच्या काकू धावत आल्या. "काय झालं गं?" "जिंकले की, काकू!" कशात ते त्यांनी विचारलंही नाही. घरात जाऊन साखर आणली आणि माझ्या हातावर ठेवली.

हे पत्र कुठं पाठवणार? राहू दे इथंच. पण एक सांगते. आज सकाळी नव्या नियमाची आधीच तयार असलेली चाचणी आवृत्ती चालवून बघावी म्हणून बसले, आणि हातानं टीप नावाच्या आधीच लिहिली. कॉम्प्युटरनं ओळ नाकारली, माझाच नियम मला दाखवून. अजून मी ती दुरुस्त केलेली नाही.